डोळ्यांदेखत

४ जानेवारी

प्रिय ताई,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, आधी खाली बस. तुझ्या धाकट्या बहिणीने काल संध्याकाळी भर वर्गात गुडघ्यांवर रांगत हॉलला फेऱ्या घातल्या.

चेष्टा नाही. पाळणाघरातलं काम उरकून धावतपळत बालशिक्षणाच्या पदविकेचा पहिला वर्ग गाठला. म्हटलं, सर फळ्यावर व्याख्या लिहितील, आपण मुकाट्याने उतरवून घ्यायच्या. सर आले, साठीचे, स्वेटरची कोपरं विरलेली, आणि म्हणाले, "सगळ्यांनी खाली उतरा आणि रांगा." आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. वर्गात एक बाई आहेत, दोन नातवंडांच्या आजी. त्याही रांगल्या! मग सरांनी विचारलं, काय दिसलं? टेबलांच्या खालची बाजू दिसली, ताई. कुणीतरी चिकटवून ठेवलेलं च्युइंगगम दिसलं. माणसं दिसली ती गुडघ्यापर्यंत. "तुम्ही ज्यांना दिवसभर 'इकडे बघ, इकडे बघ' म्हणता, त्यांना एवढंच दिसतं," सर म्हणाले. मी हबकलेच. इतकी वर्षं मुलांत काम करतेय आणि हे कधी डोक्यात आलं नव्हतं. घरी येऊन अण्णांना सांगितलं तर म्हणतात, "फी भरून रांगायला शिकतेस? ते तर तुला फुकटात येत होतं."

पाळणाघरात मी अजून 'छोट्या बाई'च आहे. मुलांना जेवू घालणं, नाकं पुसणं, रंग सांडला की फरशी पुसणं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या चालक, ऑफिसातून लक्ष ठेवतात, आणि दुपारी मुलांना झोपवण्याचं काम मदतनीस आक्काकडे. आक्काने नुसतं "हं!" म्हटलं तरी माझेसुद्धा डोळे मिटतात.

सरांनी गृहपाठ असा दिलाय की डोळे पांढरे झाले. एक मूल निवडायचं आणि त्याच्याकडे बरेच दिवस नुसतं बघायचं. बघितलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. 'मूल रागावलं' लिहिलं की सर खोडतात. 'मुलाने पेला ढकलला' एवढंच. पेल्यात माशी असेल, तुम्हाला काय ठाऊक, असं त्यांचं म्हणणं. नाव लिहायचं नाही, मुलगा की मुलगी तेही नाही. आणि घरचं मूल निवडायचं नाही, डोळ्यांवर माया चढते म्हणे. नाहीतर तुझी भिंगरी होतीच की.

भिंगरी मजेत आहे. घरात अण्णांच्या पायात पायात असते. जेवते, खेळते, आणि शहाणी इतकी की तू कामावर गेल्यापासून एकदाही रडलेली नाही. तीन वर्षांचं पोर असं असतं का, म्हणून शेजारच्या काकू तोंडात बोट घालतात.

शाळेत माझे निबंध तपासायचीस तशी ही निरीक्षणं तपासून देशील का? तुमच्या बोगद्याच्या छावणीत फोन लागत नाही ते एका परीने बरं. पत्रात तुझा मास्तरी आवाज तरी ऐकू येत नाही.

तुझी रांगणारी,
छोटी


१५ जानेवारी

छोटे,

जीप आज आली. बटाटे, डिझेल आणि तुझं पत्र. मेसमध्ये एकटीच हसत होते, तर ड्रिलवाल्यांना वाटलं बाई कामातून गेल्या.

इथे सगळं तसंच. पत्र्याच्या खोल्या, जेवणाच्या ताटात दगडाची भुकटी. आत स्फोट झाला, धूर निवला की मी टॉर्च घेऊन छताच्या भेगा तपासायच्या आणि टेकू कुठे द्यायचा ते सांगायचं. मी 'बंद' म्हटलं की आठवडाभराचं काम बंद. म्हणून कुणाला मी आवडत नाही. घरच्यांना इथे आणायला बंदी आहे आणि ते योग्यच आहे, ही जागा पोराबाळांची नाही.

भिंगरी रडत नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. निघायच्या दिवशी मीच घाबरले होते. पण निघणं अगदी शांतपणे पार पडलं, कसली म्हणून रडारड नाही, अण्णांना विचार. तिच्या बाबांनी संसार मोडला तेव्हाच मी ठरवलं होतं, हिला एकटीच्या पगारावर वाढवायचं आणि ताठ मानेने वाढवायचं. ही नोकरी सुटली तर अशी दुसरी मिळायची नाही. ती तिथे सुखात आहे, एवढं कळलं की मला इथे अंधारात बरं वाटतं.

अण्णांनी पत्रात दोन ओळी खरडायला काय झालं होतं? एरवी बसचं स्टिअरिंग सोडल्यापासून त्यांना लिहिण्याशिवाय दुसरा उद्योग नाही. रुसलेत का माझ्यावर?

निरीक्षणं पाठव. लाल पेन काढून ठेवलंय.

ताई


२८ जानेवारी

प्रिय ताई,

अण्णा रुसले नाहीत, निव्वळ आळस. तू मनाला लावून घेऊ नकोस.

खाली एक उतारा देते. जसा लिहिला तसा.

'जेवणानंतर विश्रांतीचा तास. पडदे ओढलेले. मूल चटईवर बसलं. आक्काने बूट काढायला पाय धरला, मुलाने पाय पोटाशी ओढून घेतला. बूट तसेच राहिले. बाकीची मुलं झोपली. मूल उठलं. शेजारच्या चटईजवळ बसलं. झोपलेल्या मुलाची पापणी बोटाने वर केली. त्याच्या कानाला तोंड लावून काही बोललं. ते जागं होऊन रडू लागलं. मूल पुढच्या चटईकडे गेलं. तिथेही तेच केलं. आक्का उठली.'

ताई, आक्का काय करते ते मी उताऱ्यात लिहिलं नाही, तुला सांगते. ती त्या मुलाला उचलून बाहेर व्हरांड्यात बसवते आणि दार लावून घेते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मुलाने हाक मारली नाही, दार वाजवलं नाही. पाठ भिंतीला लावून बसलं आणि तास संपेपर्यंत तसंच बसून राहिलं. मी आक्काशी भांडले. ती म्हणाली, "मग तुम्ही झोपवा बाकीच्यांना." मी झोपवून बघितलं. एकेक करून सगळी जागी, सगळी रडतात, संध्याकाळी पालक येतात तर मुलं पेंगुळलेली, चिडचिडी. तक्रारींवर तक्रारी. कानात ते काय बोलतं हे आम्हाला कुणालाच कळलेलं नाही. लहानग्यांना विचारलं तर म्हणतात, गुदगुल्या झाल्या.

मला वाटतं त्याला खेळायला सोबत हवी असते. सर म्हणाले, "वाटतं ते सोडा. अजून बघा."

पण बघायला वेळ कुठे आहे? मोठ्या बाईंनी काल स्पष्ट सांगितलं, फेब्रुवारी संपेपर्यंत हे थांबलं नाही तर त्या मुलाचं नाव काढून टाकणार. ताई, त्या घरात दिवसा सांभाळणारं दुसरं कुणी नाही. पाळणाघर सुटलं तर घरातल्या कुणाला तरी कामधंदा सोडून बसावं लागेल, आणि त्यांचं सगळंच विस्कटेल. माझं डोकं चालत नाही. तू बाहेरची आहेस, तुला कदाचित सरळ दिसेल. सांग, काय करावं?

भिंगरी ठीक. तुझा फोटो तिच्या उशाशी असतो.

छोटी


९ फेब्रुवारी

छोटे,

आधी तपासणी. उतारा चांगला आहे. 'अंगावर काटा आला' वगैरे खाली हळूच घुसवलंस, ते निरीक्षण नाही, ते तुझं रडगाणं. लाल रेघ मारली आहे असं समज.

आता विचारलंस म्हणून सांगते, आणि तुला आवडणार नाही. मोठ्या बाईंचं बरोबर आहे. एका मुलापायी सगळ्यांची झोप उडत असेल तर ते मूल काढावं. मी इथे रोज बघते, एक भेग वेळीच बंद केली नाही की छत खाली येतं. भेगेची दया करून चालत नाही.

आणि त्या मुलाची आई कुठे आहे, गं? पानभर लिहिलंस, तिचा एका शब्दाने उल्लेख नाही. पोर एवढं बिथरलंय, बूट काढू देत नाही, दुसऱ्यांच्या पापण्या उचकटतं, आणि आईला पत्ता नाही? मला तर वाचूनच धक्का बसला. मूल पाळणाघरात टाकायचं, आपण आपल्या कामाला मोकळं, मग तिथल्या बायकांनी काय ते निस्तरायचं. अशांनी मूल होऊच देऊ नये. तिला बोलावून घे आणि स्वच्छ सांग की बाई, तुझं पोर आहे, तू सांभाळ. घरी बस म्हणावं नोकरी सोडून. तुझ्याने बोलवत नसेल तर माझं हे पत्र वाचून दाखव.

आपल्या भिंगरीकडे बघ. आई जवळ नाही, तरी कशी राहते. शेवटी घरचं वळण असतं.

जीप निघतेय. अण्णांना सांग, मीच आता रुसले आहे.

ताई


१० फेब्रुवारी

ताई,

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

आज आक्का आली नव्हती. दुपारचा तास माझ्याकडे होता. पडदे ओढले, मुलं झोपली, आणि कोण जाणे कसं, मला सरांचा तो पहिला वर्ग आठवला. मी एक चटई ओढली आणि त्यांच्यामध्ये आडवी झाले. डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने चटया करकरल्या, बूट वाजले. माझ्या पापणीवर इवलंसं बोट आलं. मग कानात ऊन ऊन श्वास, आणि शब्द. मी अक्षर न बदलता लिहिते.

"झोपू नको. झोपलं की आई जाते."

मला उठवेना. ते पुढच्या चटईकडे गेलं, तिथेही तेच, त्याच्या पुढच्या चटईवरही तेच. खोडी नव्हती, ताई. ते सगळ्यांना सावध करत होतं. आणि आम्ही त्याला उचलून व्हरांड्यात बसवत होतो.

आता 'मूल, मूल' करत बसणं माझ्याने होणार नाही. ती आपली भिंगरी आहे.

होय. अण्णा डिसेंबरात बाथरूममध्ये घसरले, उजवं मनगट मोडलं, म्हणून ते लिहीत नाहीत. त्यांना तिला उचलता येत नाही, मग मी तिला माझ्याबरोबर पाळणाघरात नेऊ लागले. तुला कळवलं नाही, कारण तू असशील तशी धावत आली असतीस आणि नोकरीवर पाणी सोडलं असतंस. गृहपाठासाठी मी दुसरंच मूल निवडलं होतं. पण लिहायला बसले की डोळ्यांसमोर हीच. सरांचा नियम मोडून मी हिच्यावरच लिहीत गेले. तुला पाठवताना वाटलं, नाव नसलं तर तू घाबरणार नाहीस आणि डोकं शांत ठेवून सांगशील.

घरी आल्यावर अण्णांना विचारलं, हिला हे 'झोपलं की आई जाते' कुठून आलं? अण्णा प्लास्टरचा सुटलेला दोरा ओढत बसले. मग म्हणाले, "मीच सांगितलं होतं तुझ्या ताईला. मला रडणं बघवत नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मी त्या दिवशी पदविकेच्या प्रवेशपरीक्षेला गेले होते. तू तिला भरवलंस, थोपटून निजवलंस, चपला हातात घेऊन जिना उतरलीस. टॅक्सी कोपऱ्यावर उभी होती. ती उठली. तिने पलंगाखाली बघितलं, बाथरूममध्ये बघितलं, पडद्यामागे बघितलं. अण्णा म्हणाले, आई दुकानात गेलीय. तर तिने आपले बूट आणले आणि घालून दारात बसली. दुसऱ्या दिवशी विचारलं, दुकानात. तिसऱ्या दिवशी, दुकानात. तिने विचारायचं सोडेपर्यंत अण्णा दुकानातच म्हणत राहिले.

मी त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा ती दारात बूट घालून बसलेली होती. मला वाटलं, माझीच वाट बघतेय! मी तिला कडेवर घेऊन फिरायला नेलं, वर सगळ्यांना कौतुकाने सांगितलं की बघा, आई गेली तरी पोर हसतंय. आम्ही सगळे मूर्ख तिला शहाणी म्हणत बसलो.

'अगदी शांतपणे पार पडलं' असं तू लिहिलंस, ताई. ते पत्र मी तिला मांडीवर घेऊन वाचलं होतं.

बाईंनी दिलेली मुदत संपत आलीय. तिचं नाव काढलं तर मी काम सोडून घरी बसेन, पदविकाही सोडेन, त्याचं मला आज काही वाटत नाही. पण ती झोपत नाहीये. ती कशी झोपेल ते मला तू सांग.

छोटी


१८ फेब्रुवारी

छोटे,

माझं ९ तारखेचं पत्र आलं असेल तर वाचू नकोस. फोडलं नसशील तर फोडू नकोस. तसंच जाळ. मी पाया पडते तुझ्या.

तुझं पत्र बोगद्याच्या तोंडाशी मिळालं. तिथेच वाचलं. मग आत गेलेच नाही. मुकादम दोनदा बोलवायला आला, मला तो काय बोलतोय ते कळत नव्हतं. आज पहिल्यांदा मी भेगा न तपासता काम बंद ठेवलं.

मीच लिहिलंय ते. अशांनी मूल होऊच देऊ नये. माझ्याच अक्षरात.

मला खरंच वाटलं होतं की झोपेत गेले तर तिला दुखणार नाही. भूल देऊन दात काढतात तसं. अण्णा म्हणाले, आणि मला तेच ऐकायचं होतं. रडणं तिचं नव्हतं टाळायचं, माझं टाळायचं होतं. जिना उतरताना मागे बघितलं नाही, बघितलं असतं तर गेले नसते. आणि मग इथे येऊन 'शांतपणे पार पडलं' हे स्वतःलाच इतक्या वेळा सांगितलं की तुला लिहिताना ते खोटं वाटलंच नाही.

पण तू? अण्णांचा हात मोडतो, माझी पोर दाराबाहेर बसवली जाते, आणि तू मला 'भिंगरी मजेत' लिहितेस? उशाशी फोटो म्हणे! मला त्या पोरीला काढून टाका म्हणून लिहायला लावलंस तू. तुझा राग करावा की तुझ्या गळ्यात पडावं ते कळत नाहीये.

राजीनामा लिहून ठेवलाय. पुढच्या जीपने मी निघते.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

तुझं ९ तारखेचं पत्र वाचलं. पाकीट हातात पडलं तिथेच, पाळणाघराच्या पायरीवर उभ्याने वाचलं. भिंगरी माझं बोट धरून उभी होती. पुन्हा त्याबद्दल काही लिहू नकोस, मीही लिहिणार नाही. तुझं बरोबर आहे, मी तुला फसवलं. आपण दोघींनी फसवलं आणि अण्णांनीही, सगळे मायेपोटीच.

राजीनामा देऊ नकोस. थांब, आधी पूर्ण वाच.

मी सरांसमोर जाऊन सगळं ओकले. नियम मोडल्याचंही. त्यांनी माझी पानं बाजूला सारली, म्हणाले ही धरता येणार नाहीत, दुसरं मूल घेऊन पुन्हा सुरुवात करा. मग चष्मा काढून पुसत बसले. मी विचारलं, आता तिची आई कायमची घरी येऊन राहिली तर ठीक होईल ना? तर म्हणाले, "आई आली तर उत्तमच. पण भीतीने येऊन बसली तर मूल तिच्यावर पहारा ठेवेल. तिने यावं, चांगलं राहावं, आणि पुन्हा जावं."

मी उसळले. म्हटलं, पुन्हा? त्या पोरीला पुन्हा तेच भोगायला लावायचं?

"तेच नाही. जागेपणी. आधी सांगून, तिच्या डोळ्यांदेखत. परत कधी येणार तेही सांगून, आणि त्या दिवशी येऊन. आई जाते हे तिला कळलंय. सांगून जाणारी आई परत येते, हे कळायचं राहिलंय. आणि ती रडेल. रडू द्या. तिचं रडायचं राहून गेलंय."

मला रात्रभर हे पटत नव्हतं. सकाळी भिंगरीने मला विचारलं, "तू बाथरूमला जातेस का दुकानात?" तेव्हा पटलं.

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, हाकलतील. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडत गेला. व्हरांड्याचं दार लावायला आक्काला त्यांनीच सांगितलं होतं म्हणे. त्यांनी मार्चच्या मध्यापर्यंत थांबायचं कबूल केलंय. त्यापुढे मात्र बाकीच्या पालकांना काय सांगू, म्हणतात.

रजा काढ आणि ये. राहा. आणि जा.

छोटी


१४ मार्च

छोटे,

कालच छावणीत पोहोचले. काम पुढ्यात पडलंय आणि मी हे लिहीत बसले आहे.

मी आले तेव्हा ती माझ्याकडे धावली नाही, ते तू पाहिलंस. तिने आधी माझ्या बॅगेकडे बघितलं. मग बॅग फरफटत नेऊन अण्णांच्या पलंगाखाली ढकलली आणि त्यापुढे बसली. मला वाटलं होतं मिठी मारेल. निदान ओळखीचं हसेल.

ते दिवस कसे गेले ते तुला माहीत आहे. रात्री ती बसल्या बसल्या पेंगायची, मूठ माझ्या बाहीत अडकवून. मीही जागी. तू शिकवलंस तसं रोज सांगितलं, बोटांवर मोजून, की रविवारी सकाळी आई जाणार, जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी येणार. ती ऐकून घ्यायची आणि विषय बदलायची. मला वाटे, कळत नाहीये. मग वाटे, सगळं कळतंय.

रविवारी मी तयारीने उभी होते. ती रडेल, पाय धरेल, लोळण घेईल, तर काय बोलायचं ते आदल्या दिवशी पाठ केलं होतं. तुझे सर म्हणाले होते ना, रडेल. दारात खाली बसून मी म्हटलं, "भिंगरी, मी आता जातेय." तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. नीट बघितलं, आपण भाजी घेताना बघतो तसं. म्हणाली, "आता जा." आणि दोन्ही हातांनी दार लोटलं. माझ्या तोंडावर दार बंद झालं, छोटे.

मी जिन्यावर खिळून राहिले. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. आतून काही आवाज नाही. रडणं नाही, हाक नाही. वाटलं, पुन्हा बेल वाजवावी. धीर झाला नाही. सगळ्या वाटेने एकच डोक्यात. मी तिला टाकलं होतं, आज तिने मला टाकलं. मुलं एवढं करतात का? तीन वर्षांची मुलं?

दारामागे काय झालं ते लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. आता ते मला चालणार नाही.

ताई


२२ मार्च

प्रिय ताई,

तुला बरं वाटावं म्हणून एक अक्षर लिहीत नाही. झालं ते असं.

दार लावून ती तिथून हललीच नाही. दाराला कान लावून उभी. अण्णा काही बोलायला गेले तर तिने त्यांना बोट दाखवून गप्प केलं. तू जिन्यावर थांबली आहेस हे तिला कळत होतं. मला कुजबुजत म्हणाली, "अजून आहे." मग तुझी पावलं खाली गेली, टॅक्सीचं दार वाजलं. तशी ती खिडकीकडे पळाली, मला म्हणाली, उचल. टॅक्सी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत तिने पापणी हलवली नाही. मग म्हणाली, "गेली. मी बघितलं."

ताई, हे ती दिवसभर सांगत सुटली. अण्णांना, शेजारच्या काकूंना, दूधवाल्याला. "माझी आई गेली. मी बघितलं." जत्रेहून आल्यासारखी ऐटीत! काकूंना कळेना, हसावं की डोळे पुसावेत. मला वाटलं, संपलं, सर चुकले, ही काही रडत नाही. सोमवारी पाळणाघरात आक्कालाही तेच, मोठ्या बाईंना ऑफिसात जाऊनही तेच. बाईंच्या हातातली किल्ली खाली पडली.

मग दुपारचा तास. पडदे ओढले. ती चटईवर बसली. कुणाला उठवायला गेली नाही. मी बघत होते. तिचा खालचा ओठ हलायला लागला, आणि तिने जो हंबरडा फोडला ना, ताई, मी मुलांत इतकी वर्षं काढली, असं रडणं ऐकलेलं नाही. एवढ्याशा अंगात एवढा आवाज मावतो कसा? सगळी मुलं दचकून उठली, दोघं-तिघं घाबरून तिच्याबरोबर रडू लागली. आक्का तिला उचलायला धावली, सवयीने. मी मध्ये आडवी झाले. माझ्या तोंडून निघालं, "हिला दाराबाहेर न्यायचं नाही!" असा आवाज मी मोठ्या बाईंसमोर कधी काढला नव्हता. बाई दारातच होत्या. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि आक्काला म्हणाल्या, "बाकीच्यांना अंगणात घ्या. आज झोप नाही. हिला रडू दे." स्वतः दोघांना काखोटीला मारून त्या बाहेर गेल्या. संध्याकाळी पालकांनाही त्याच सामोऱ्या गेल्या, आणि जाताना मला म्हणाल्या, भिंगरीचं नाव काढायचा विषय संपला.

रिकाम्या खोलीत आम्ही दोघीच. ती रडली. आई, आई म्हणून रडली, मला गुद्दे मारले, माझा हात चावली, वण अजून आहे. मी काही समजावलं नाही. हळूहळू हुंदके लांब लांब होत गेले. मग तिने माझ्या कुर्त्याला नाक पुसलं आणि विचारलं,

"आई आली की मला उठवशील?"

मी म्हटलं, हो.

"मी झोपलेली असले तरी?"

"झोपलेली असलीस तरी."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. तुझ्याकडे बघितलं होतं तसंच बघितलं असावं. मग आडवी झाली आणि झोपली. अंग टाकून, तोंड उघडं, घोरत. अंगणातून मुलं आली, भांडली, तिच्याजवळून पळाली, ती जागी झाली नाही. तेव्हापासून रोज झोपते. दुपारी झोपते, रात्रीही झोपते.

आता मी झोपत नाही, ताई. तिने एकदाच विचारलं आणि सगळं माझ्यावर सोपवून मोकळी झाली. मी दोनदा 'हो' म्हणून बसले आहे. तू जून म्हणालीस, शाळा उघडायच्या आधी म्हणालीस. तेव्हा तू ये. रजा मिळाली नाही, रस्ता बंद होता, जीप आलीच नाही, हे सगळं मला खुशाल लिही, मी समजून घेईन. पण तिला ते मी सांगणार नाही.

तुझी,
छोटी